कोणाकडेही जाणारं बाळ

वाचकाचं पत्र:

आमची मुलगी १४ महिन्यांची आहे. जन्मानंतर काही दिवसांतच ती विदर्भातल्या एका संस्थेत आली. तिथून आम्ही तिला रीतसर दत्तक घेतलं आणि तीन आठवड्यांपूर्वी न्यू जर्सीला घेऊन आलो. आम्हाला सहा वर्षांचा मुलगा आहे. मुलगी काहीच त्रास देत नाही. मंदिरात तर कोणाच्याही कडेवर हसत जाते, सगळे 'किती गुणी' म्हणतात. रात्री मात्र जागी असते. रडत नाही, नुसती छताकडे बघत पडते, कधी डोकं इकडून तिकडे घासत राहते. नवरा जवळ गेला की ताठ होते आणि ओरडते. पुढच्या आठवड्यात सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. बाळाचं न्हाऊ-माखू, जेवणखाण त्या बघणार, म्हणजे मला विश्रांती. बारशाला हॉल घ्यायचं चाललं आहे. पाच आठवड्यांनी मला कामावर जायचं आहे. सगळं छान आहे, पण तिच्या लेखी मी आई नाही, आणखी एक मावशी आहे, असं सारखं वाटतं. हा माझ्याच मनाचा खेळ आहे का?
– एडिसनची एक आई

ताई,

मनाचा खेळ नाही. सध्या तिच्यासाठी तुम्ही आणखी एक मावशीच आहात, आणि तीन आठवड्यांत याहून वेगळं काही होणारही नव्हतं. दिवसपाळी, रात्रपाळी, कोणाची सुट्टी, कोणी नोकरी सोडून गेलेली, कोणी नवीन लागलेली: चौदा महिन्यांत तिने किती जणींच्या हातून दूध प्यायलं असेल बघा. त्या बायका मायाळूही असतील. पण एकीच्या वाट्याला बरीच बाळं आली की बाळ आपोआप दोन गोष्टी शिकतं. जो हात पुढे येईल तो धरायचा, आणि रडण्यात शक्ती घालवायची नाही. तुमच्या घरी ज्याला गुणीपणा म्हणतात तो हाच. घरात वाढलेली चौदा महिन्यांची मुलगी मंदिरातल्या अनोळखी काकूंना बघून आईच्या खांद्यात तोंड खुपसते. तुमची खुपसत नाही, कारण आपलं कोण हेच अजून ठरलेलं नाही, मग परकं कोण ते कसं ठरणार?

हे वय हाताशी आहे, ही जमेची बाजू. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यात साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांना लळा लागणं, नंतर गेलेल्यांपेक्षा बरंच सोपं गेलं. म्हणून पुढचे दोन-तीन महिने आमचा एकच आग्रह राहील. दूध, जेवण, आंघोळ, डायपर, झोपवणं आणि पडलं-लागलं की उचलणं, एवढी कामं फक्त तुम्ही दोघांनी करायची. बाकी सगळं जगाला करू द्या.

अडचण सासूबाईंपासून सुरू होते, तेव्हा आधी तेच. त्या विमानात बसायच्या आधी फोनवर बोलून घ्या, आणि बोलणं तुमच्या नवऱ्याने करावं. सुनेने सांगितलं की तो मान-अपमानाचा विषय होतो, मुलाने सांगितलं की डॉक्टरांचं पथ्य होतं. वाक्य साधं ठेवा: "आई, तिला अजून आई-बाप कळलेले नाहीत. आधी आम्हाला ओळखू दे, मग आजी तिची हक्काची." त्यांना रिकामं बसवू नका. स्वयंपाक, नातवाची शाळा, कपडे, दुपारी तुम्हाला तासभर झोप, ही मदत खरोखर मोठी आहे. बाळासमोर जमिनीवर बसून गाणी म्हणावीत, खेळावं, तेही भरपूर. बाळाने हात पुढे केले की मात्र 'आईकडे जा गं' म्हणून तिला तुमच्याकडे वळवायचं. हे आजीला जड जातं. पहिल्या आठवड्यात एकदा तरी डोळ्यांत पाणी येईल, ते गृहीत धरा.

त्यांच्या सामानात काजळाची डबी आणि बाळगुटी असणार. दोन्ही बॅगेतच राहू द्या. भारतातून येणाऱ्या काजळात आणि काही गुट्यांमध्ये शिसं सापडतं, आणि संस्थेतून आलेल्या बाळाच्या रक्तातलं शिसं अमेरिकेत तपासतातच. तिचं रक्तातलं लोहही कमी असण्याची शक्यता असते, आणि लोह कमी असलं की शरीर शिसं जास्त शोषून घेतं. तीट लावायची हौस असेल तरी काजळाची नको, तळपायालाही नाही, बाळ पाय तोंडात घालतं.

बारसं करा, हॉल नको. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात फिरवायचं, हा सोहळ्याचा गाभाच तिच्यासाठी नेमका उलटा आहे. तिचं आयुष्य आजवर असंच फिरत गेलं. घरातल्या चार माणसांत, तुमच्या मांडीवरून न उठवता, आत्याने कानात नाव सांगावं. आत्या भारतात असेल तर व्हिडिओ कॉल चालेल. अनेक घरांत वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात, तो हवा तितका फिरवा. साठ माणसांचं जेवण सहा-आठ महिन्यांनी घाला, तोवर ती स्वतःच कोणाकडे जायचं नाही ते सांगेल. एक आणखी. संस्थेतलं नाव एकदम बंद करू नका. काही आठवडे जुनं आणि नवं जोडून हाक मारा, मग जुनं हळूहळू गळू द्या. तुम्ही घरी मराठीच बोलता हे फार बरं आहे. विमानातून उतरल्यावर तिचं सगळं बदललं, निदान कानावर पडणारी भाषा तीच राहिली. 'तिला इंग्रजी मागे पडेल' असं कोणी म्हटलं तर हसून सोडा. डेकेअरला गेल्यावर इंग्रजी येतंच.

आता बाटली. इथले डॉक्टर या वयात बाटली सोडवा म्हणतात, आणि घरच्या बाळासाठी ते योग्यच आहे. हिच्यासाठी तीन-चार महिने मुदत मागून घ्या, कारण दिवसातून तीन-चार वेळा तिला मांडीत घ्यायचं याहून चांगलं निमित्त नाही. दर वेळी १५० मिलीच्या आसपास, दिवसाचं दूध एकूण ५०० ते ६०० मिली. ७०० च्या वर गेलं की जेवण कमी होतं आणि लोह आणखी घटतं. तिला स्वतः बाटली धरून पाठीवर पडून प्यायची सवय असेल, भराभर संपवतही असेल. संस्थांमध्ये घाई असते, बाटलीच्या बुचाचं, म्हणजे निपलचं, भोक मोठं केलेलं असतं. इथल्या हळू येणाऱ्या बुचाला ती चिडली तर मधल्या वेगाचं बुच घ्या, लगेच सर्वांत हळूचं नको. तिला डाव्या हातावर आडवं घ्या, तिच्या हातावर आपला हात ठेवून बाटली धरा, आणि चेहरा वीतभर अंतरावर असू द्या. ती नजर फिरवेल. हनुवटी धरून तोंड वळवायचं नाही, 'बघ ना माझ्याकडे' म्हणायचं नाही. फार टाळत असेल तर तिची पाठ आपल्या छातीला टेकवून आरशासमोर बसा. काही दिवसांनी ती आरशातून तुम्हाला चोरून बघते, मग एक दिवस बुच तोंडात ठेवूनच मान वर करून बघते. ती नजर आली की मोठ्याने बोलू नका, फोन उचलू नका, नुसतं बघा. बाटली पाळण्यात देऊ नका आणि शेवटच्या दुधानंतर दात पुसा.

दूध बदलायचं असेल तर तीन भाग जुनं, एक भाग नवं, असं दर दोन-तीन दिवसांनी वाढवत न्या. जेवणाचंही तसंच. पातळ वरण-भात, दुधात कुस्करलेलं बिस्कीट, यापलीकडे तिच्या जिभेला काही ठाऊक नसेल. पोळीचा तुकडा दिला की उमासे काढेल. खिमट, मऊ मुगाची खिचडी यांपासून सुरू करून आठवड्या-आठवड्याने थोडं दाट, थोडं दाणेदार करा. ताटली संपली तरी तोंड उघडत राहील, किंवा घास गालात साठवून ठेवेल. ओरडू नका. खाणं काढून घेणार नाही हे तिला दिवसातून पाच-सहा वेळा ठरावीक वेळी खाऊ घालूनच कळेल. झोपवण्याआधी तोंडात घास नाही ना, हे बोट फिरवून बघा.

रात्रीचं पत्रात तुम्ही सहज लिहिलं आहे, पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं ते वाटलं. भारत आणि न्यू जर्सीतल्या वेळेचा साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक आठ-दहा दिवसांत अंगवळणी पडतो, तीन आठवड्यांनंतर त्याला दोष देता येत नाही. ती जागी होते आणि बोलावत नाही, कारण बोलावून कोणी येतं हा अनुभव नाही. म्हणून तुम्ही न बोलावता जायचं. पाळणा तुमच्या पलंगाला लागून, हात आत जाईल असा ठेवा. तिने कूस बदलल्याचं कळलं की छातीवर हात ठेवा, थोपटा, पुटपुटा. डोकं घासत असेल तर थांबवू नका, आपला तळवा तिच्या कपाळाला लावा आणि तिच्याच लयीत उचलून झुलवा. ते तिचं स्वतःला झोपवायचं तंत्र आहे. झोपवणारं दुसरं कोणी मिळालं की ते कमी होत जातं. खोली काळोखी आणि शांत करू नका. ती दहा पाळण्यांच्या खोलीत, जिरो बल्बच्या उजेडात आणि पंख्याच्या आवाजात झोपलेली आहे. पंखा लावा. संस्थेतून आणलेलं दुपटं किंवा झबलं असेल तर न धुता पाळण्याजवळ ठेवा, त्याला तिच्या ओळखीचा वास आहे. 'रडू द्या, तीन रात्रींत झोपायला शिकेल' हा सल्ला इथे कोणीतरी देईलच. तुमच्या मुलाला तो चालला असेल. ही तो धडा आधीच शिकून आली आहे, तो पुसायचा आहे. आणि हो, काही आठवड्यांनी ती रात्री मोठ्याने रडायला लागेल. घरात सगळे म्हणतील आता बिघडली. तुम्ही पेढे वाटा.

नवऱ्याला सांगा, यात त्याचा काही दोष नाही. संस्थेत बायकाच बायका. जाड आवाज, दाढी आणि उंच आकृती तिने जवळून क्वचितच पाहिली असणार, आणि पाहिली असेल तर बहुधा इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांची. त्याने उभ्याने तिच्यावर वाकू नये. खोलीत जमिनीवर, तिच्या बाजूला तोंड न करता बसावं, हातात वाटी-चमचा घेऊन आपलं आपण वाजवत राहावं. तुम्ही तिथेच. ती दोन-तीन दिवसांत रांगत त्याच्या गुडघ्यापर्यंत येईल. तेव्हाही झडप घालून उचलायचं नाही. मग घास त्याने भरवायचा, बसायचं मात्र तुमच्या मांडीवर. त्यानंतर सकाळची एक बाटली कायमची त्याची. ती रडली तर तुम्ही हिसकावून घेऊ नका, शेजारी बसून रहा. इथे बहुतेक घरांत चूक होते: बाबाकडे रडते म्हणून आई घेते, आई घेते म्हणून बाबाकडे आणखी रडते, आणि महिनाभरात बाबा फक्त डायपरची खोकी उचलणारा माणूस उरतो.

आंघोळ आणि तेल हे आपल्याकडचं भांडवल आहे, पण जपून. नळाखाली किंवा बादलीच्या पाण्याने भराभर न्हाऊ घातलेल्या बाळाला इथलं मोठं टब विहिरीसारखं वाटतं. तळाशी दोन-तीन इंच कोमट पाणी, तुम्हीही आत बसलेल्या, तांब्याने पायावर थोडं थोडं. तेल आधी फक्त तळपायांना, दोन मिनिटं. मुठी आवळल्या, तोंड फिरवलं, एकामागून एक जांभया आल्या की पुरे. खसाखसा मालिश, नाक ओढणं, डोकं दाबून आकार देणं यांतलं काही नको. दिवसातून दोन-अडीच तास, तुकड्या-तुकड्यांनी, तिला पोटाशी बांधून घरकाम करा. 'कडेवरची सवय लागेल' म्हणतील. लागावी म्हणूनच चाललं आहे.

मुलाला तिला हसवायचं खातं द्या, तो ते तुमच्यापेक्षा चांगलं करेल. भरवणं-झोपवणं त्याच्याकडे नको. रोज पंधरा मिनिटं आई किंवा बाबा फक्त त्याचे, दार लावून. त्याला लागलं की तो धावत येऊन तुम्हाला बिलगतो ना, ते तिच्यासमोर होऊ द्या. आई कशासाठी असते ते तिला तिथे बसल्या बसल्या दिसतं.

डॉक्टरांनी 'सगळं नॉर्मल' म्हटल्याचं तुम्ही लिहिलं नाही, पण म्हटलं असेल तरी पुढच्या गोष्टी विचारा. रक्तगणना, शिसं, थायरॉइड, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयाची चाचणी, आणि तीन वेगवेगळ्या दिवसांचे शौचाचे नमुने. भारतात झालेल्या चाचण्यांवर इथे विसंबत नाहीत. क्षयाची चाचणी तीन ते सहा महिन्यांनी आणि हिपॅटायटिस, एचआयव्ही साधारण सहा महिन्यांनी पुन्हा करतात. बीसीजीचा व्रण बघून कोणी घाबरलं तर तो काय आहे ते सांगा. भारतात सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला देतात, गालगुंडाची लस त्यात नसते, कांजिण्यांचीही नसते. त्या राहिल्या असतील. पाठीवर, कुल्ल्यांवर निळसर-करडे जन्मडाग असतील तर डॉक्टरांकडून फाईलमध्ये नोंदवून घ्या. डेकेअरमध्ये ते माराचे वळ समजले गेल्याचे प्रकार होतात. आणि रात्री खाजवते का ते बघा. तळहात, तळपाय, काख, बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ असेल तर ती खरूज असू शकते, कोरडी त्वचा समजून महिनाभर क्रीम लावत बसू नका. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं असतं, नंतरही दोन-चार आठवडे खाज राहते.

वाढीचा ढोबळ हिशोब असा, की संस्थेतल्या तीन महिन्यांमागे वाढ साधारण महिनाभर मागे पडते. म्हणजे ती नऊ-दहा महिन्यांच्या बाळासारखी वागली तर नवल नाही, आणि तिच्याशी तसंच वागा. खेळणी, बोलणं, उचलणं, सगळं त्या वयाचं. वजन दर महिन्याला बघा, घरी आल्यावर ते झपाट्याने वाढायला हवं. वाढत नसेल आणि शी पातळ, दुर्गंधीची असेल तर जिआर्डिया (आतड्यात राहणारा परजीवी) आठवा. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांची विकासाची तपासणी 'अर्ली इंटरव्हेन्शन' या सरकारी कार्यक्रमातून मोफत होते. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, तुम्ही थेट फोन करू शकता. आजच करा, कारण नोंद झाल्यापासून तपासणी आणि पुढची योजना ठरायला ४५ दिवसांपर्यंत लागतात.

इथल्या दत्तक संस्थेची समाजसेविका पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी अहवाल पाठवते. तिच्यापुढे घर आवरून 'सगळं छान' म्हणू नका. वर लिहिलेलंच तिला सांगा, तुमच्या मनातली 'मावशी'सुद्धा. कोणी मूल परत घेत नाही त्यावरून. तुम्हाला स्वतःला सतत रडू येत असेल, झोप मिळूनही उठवत नसेल, तर बाळंतपण झालेलं नसलं तरी हे दत्तक आयांनाही होतं, आपल्या डॉक्टरांना सांगा.

पाच आठवड्यांनी कामावर जाऊ नका, जमत असेल तर. नवऱ्याची रजा तपासा. फेडरल कायद्यातली बारा आठवड्यांची बिनपगारी रजा दत्तकासाठीही असते, आणि दोघं वेगवेगळ्या मोठ्या कंपन्यांत असाल तर दोघांना वेगवेगळी मिळते. न्यू जर्सीच्या फॅमिली लीव्ह इन्शुरन्समधून, मूल घरी आल्यापासून वर्षभराच्या आत, बारा आठवड्यांपर्यंत पगाराचा काही भाग मिळतो. दोघांनी एकदम सुट्टी घेऊन संपवू नका. पहिले काही आठवडे एकत्र, मग तुमची संपेल तिथे त्याची सुरू. तिचा दिवस डेकेअरच्या पाचव्या-सहाव्या नव्या चेहऱ्यापासून जितका दूर राहील तितका बरा. त्यानंतर आजीची पाळी येते. आधी तुमच्यासमोर एक जेवण त्यांच्या हातून, मग तुम्ही दुसऱ्या खोलीत, मग वीस मिनिटं बाहेर.

ती वेळ आली हे कशावरून ओळखायचं? नव्या जागी खेळताना ती मान वळवून तुम्ही आहात ना ते बघते. पडल्यावर दुसऱ्या कोणाला ओलांडून तुमच्याकडे येते. तुम्ही बाथरूमला गेलात की दारावर हात मारते, आणि परत आल्यावर शांत होते. मंदिरातल्या काकूंना हात लावू देत नाही. यातलं एकही साडेतीन-चार महिन्यांत दिसलं नाही, लागलं तरी रडत नसेल, उचललं की लाकडासारखीच राहत असेल, तर थांबू नका. मोठ्या बालरुग्णालयांत परदेशातून दत्तक आलेल्या मुलांसाठी वेगळे दवाखाने असतात, लहान बाळांच्या मानसिक आरोग्याचे तज्ज्ञही असतात. बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी मागा, आणि भेटीला दोघांनी जा.